पूर्ण लांबीच्या नाटकातून विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण: प्रयोग नेमका कोणासाठी बसवायचा?

रंगशिक्षक

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यशास्त्राच्या पदविका अभ्यासक्रमाला शिकवतो. वर्गात 18 विद्यार्थी आहेत, त्यांपैकी 7 मुली आहेत. वर्षाच्या शेवटी पूर्ण लांबीच्या नाटकाचा प्रयोग करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असून त्याला गुणही भरपूर आहेत. आमच्याकडे चालत आलेली पद्धत अशी आहे की बाहेरून एखादा अनुभवी दिग्दर्शक बोलवायचा. तो महिनाभर राहतो, येताना आपला नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार घेऊन येतो, प्रयोग देखणा होतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. मात्र त्यानंतर तोंडी परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याला विचारले, की पहिल्या अंकाच्या शेवटी मंचाच्या डाव्या बाजूचाच प्रकाश का उरतो, तर 'सरांनी तसे सांगितले होते' यापलीकडे उत्तर मिळत नाही. मुख्य भूमिका तिघे-चौघे करतात, उरलेले गर्दीत उभे राहतात किंवा नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या चौकटी, उचलतात.

यंदा बाहेरचा दिग्दर्शक न बोलवता नाटक मीच बसवावे आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक विभागात खरी जबाबदारी द्यावी, असा विचार आहे. त्यात अडचणी दिसतात त्या अशा. आजची बहुतेक दोन अंकी नाटके चार ते सहा पात्रांची असतात, मग 18 जणांना कोणते नाटक द्यावे? प्रमुख भूमिकांसाठी दोन संच करावेत का? प्रकाश, नेपथ्य, ध्वनी यांतले मला स्वतःला जेमतेम कळते, तेव्हा ते कसे शिकवावे? शिवाय माझे बहुतेक विद्यार्थी एकांकिका स्पर्धांमधून आलेले आहेत. त्यांच्याकडे ऊर्जा उदंड आहे, परंतु ती पाऊण तासाची आहे. मागच्या वर्षी मध्यंतरानंतर नाटक अक्षरशः बसले. यावर कोणी पद्धतशीर काम केले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

पूर्वरंग

रंगशिक्षक, आपण धागा काढला हे बरे केले, कारण नाट्यविभागांत या विषयावर कुजबुज पुष्कळ होते, पण मांडणी क्वचितच होते. मी अनेक वर्षे नाट्यविभागात शिकवले आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन सुरुवात करतो.

नाटक मंडळ्यांच्या काळात वेगळी नाट्यशाळा नव्हती. मंडळी हीच शाळा होती आणि तिथे शिकवणारा तालीममास्तर असे. गोविंद बल्लाळ देवल हे किर्लोस्कर मंडळीत नाटककार म्हणून जितके महत्त्वाचे होते, तितकेच तालीममास्तर म्हणूनही होते. त्या व्यवस्थेत नट प्रयोगागणिक घडत असे, कारण मंडळी एकच नाटक गावोगावी करत फिरायची. पुढे 1959 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले आणि 1962 ते 1977 या काळात इब्राहिम अल्काझी तिथे संचालक होते. त्यांनी 1963 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत विद्यार्थ्यांना घेऊन 'अंधा युग' केले. त्या प्रयोगाच्या भव्यतेबद्दल नेहमी लिहिले जाते. शिक्षक म्हणून मला त्यात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. जिथे विंगा नाहीत, बंदिस्त भिंती नाहीत आणि प्रवेश करायचा तर लांबवरून चालत यावे लागते, अशी जागा निवडणे हाच एक अध्यापनाचा निर्णय होता. आवाज, चाल, अंतर हे विषय तिथे वेगळे शिकवावे लागत नाहीत, जागाच ते शिकवते. आपणही नाटक निवडताना 'प्रेक्षकांना काय आवडेल' याच्या आधी 'हे नाटक माझ्या मुलांकडून काय वसूल करेल' असे विचारावे.

18 जणांसाठी समूहावर उभे असलेले नाटक पाहावे. 1972 मध्ये रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच भिंत आहे आणि तीच पडदा होते, गर्दी होते, झाकते आणि उघडते. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला संवाद चार असले तरी पूर्ण वेळ तालात, सुरात आणि नाटकाच्या आत राहावे लागते. 'गर्दीत उभा आहे' ही तक्रार तिथे संभवतच नाही. कीर्तनाच्या अंगाने जाणारे 'महानिर्वाण'ही याच दृष्टीने उपयोगी आहे. फक्त वर्गात ताल धरणारे किमान पाच-सहा जण नसतील तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. बेसूर समूह मुलांचा आत्मविश्वास घालवतो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

आपल्याकडे 7 मुली आहेत, हे लक्षात घेऊन आणखी एक सुचवतो. देवलांचे 1899 मधले 'संगीत शारदा' वाचून पाहा. शारदा, इंदिराकाकू, वल्लरी आणि मैत्रिणींचे प्रवेश मिळून मुलींना खरे काम मिळते, आणि म्हातारा नवरदेव भुजंगनाथ व लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित ही पात्रे विशीतल्या मुलांना शरीर आणि वाणी या दोन्ही अंगांनी कामाला लावतात. देवल 1916 मध्ये गेले, त्यामुळे संहिता केव्हाच कॉपीराइटमुक्त झाली आहे. पदे कमी करा, प्रवेश छाटा, आजच्या डोळ्यांनी संपादन करा, कोणाची परवानगी लागत नाही. संपादन हेदेखील विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. कोणते पद ठेवायचे आणि का, यावर दोन दिवस वाद झाला तर तो संहिता-विश्लेषणाच्या चार व्याख्यानांपेक्षा अधिक कामाचा असतो. जिवंत लेखकाच्या किंवा अलीकडे दिवंगत झालेल्या लेखकाच्या नाटकात असे छाटकाम लेखकाच्या वा वारसांच्या संमतीशिवाय करता येणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे.

भूमिकावाटपाची घाई करू नये. पहिले दोन आठवडे कोणालाही भूमिका न देता आळीपाळीने वाचन करावे, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक प्रमुख पात्र एकदा तरी मोठ्याने वाचलेले असते. त्यानंतर वाटप केले की रुसवेफुगवे थांबत नाहीत, पण कमी होतात, कारण कोणाच्या तोंडी ते पात्र कसे आले हे सर्वांनी ऐकलेले असते. मात्र बसून वाचन फार लांबवू नये. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्की यानेही अखेरच्या काळात टेबलावरच्या प्रदीर्घ विश्लेषणाऐवजी उभे राहून, कृतीतून प्रसंग शोधण्यावर भर दिला होता. आपल्या मुलांना तर बोलून समजावण्यापेक्षा करून पाहिले की लवकर कळते.

याचे एक उदाहरण देतो. एका घरगुती प्रसंगात वडील चहा पिता पिता मुलाला नोकरी सुटल्याचे सांगतात. भूमिका करणारा विद्यार्थी रिकामा कप ओठांना लावून वाक्य सरळ म्हणून टाकायचा. 'इथे थांब' असे सांगितले की तो थांबायचा, पण ते थांबणे मोजून केलेले दिसायचे. एका तालमीत कपात खराखुरा वाफाळता चहा दिला. आता त्याला कप बशीत ठेवावा लागला, फुंकर घालावी लागली, पहिला घोट जिभेला चटकला आणि 'आज लवकर सोडलं' एवढे बोलून तो पुन्हा कपाकडे पाहू लागला. समोरच्या मुलाने न सांगता मान वर केली. रंगवस्तू शेवटच्या आठवड्यात आणणारे दिग्दर्शक हे सगळे गमावतात. हातात धरायची प्रत्येक वस्तू तिसऱ्या आठवड्यापासून तालमीत असलीच पाहिजे.

दोन संच करण्याच्या मी विरुद्ध आहे. तालमीचा वेळ निम्म्यावर येतो आणि दोन्ही संच कच्चे राहतात. त्याऐवजी प्रत्येक प्रमुख भूमिकेला एक पर्यायी नट नेमावा, त्याने सर्व तालमी पाहाव्यात, हालचाली लिहून ठेवाव्यात आणि एक पूर्ण प्रयोग त्याने करावा, असे आधीच ठरवून टाकावे. 'गरज पडली तर' असे म्हटले की तो वही उघडतच नाही.

आता मध्यंतरानंतर नाटक बसण्याविषयी. एकांकिकेत एकच चढण असते आणि शिखरावर पोहोचलो की दिवे जातात. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती लेखक-नट दिले, हे सांगायला नको. त्या परंपरेबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या साच्यात तयार झालेला नट दोन अंकी नाटकातही पहिल्या अंकाच्या शेवटी सगळे उधळून मोकळा होतो. यावर उपाय तालमीच्या आखणीतच आहे. साधारण सहाव्या आठवड्यापासून प्रवेशाप्रवेशाने तालीम न करता अंकाअंकाने करावी आणि आठवड्यातून दोनदा दुसऱ्या अंकापासून सुरुवात करावी. एरवी पहिला अंक पन्नास वेळा होतो आणि दुसरा वीस वेळा, आणि प्रयोगात तो फरक कोणालाही दिसतो. मध्यंतराचीही तालीम करावी. दहा मिनिटे थांबावे, कोणी मोबाइल हाती घेऊ नये आणि घंटा झाली की सरळ दुसऱ्या अंकात उतरावे. मधल्या काळात पात्राच्या आयुष्यात काय घडले, हे प्रत्येकाने दुसऱ्या अंकातल्या पहिल्या प्रवेशाआधी चार ओळींत लिहावे, आणि ते शिक्षकाने वाचलेच पाहिजे असेही नाही.

डिमरवाला

पूर्वरंग सरांनी अभिनयाच्या बाजूने सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी फक्त तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. माझी उपजीविका प्रकाशयोजनेवर चालते आणि अधूनमधून नाट्यविभागांत शिकवायला जातो.

रंगशिक्षक सर, आपल्याला तांत्रिक ज्ञान जेमतेम आहे, ही मोठी अडचण नाही. तांत्रिक गोष्टी नटांना शेवटच्या चार दिवसांत पहिल्यांदा दिसतात, ही मोठी अडचण आहे. पहिल्या वाचनाच्या दिवशीच एक विद्यार्थी रंगमंच व्यवस्थापक म्हणून नेमावा आणि त्याला किंवा तिला कोणतीही भूमिका देऊ नये. हे पद शिक्षा म्हणून, म्हणजे अभिनय न जमणाऱ्याला दिले जाते, आणि तिथेच सगळे बिघडते. वर्गातला सर्वांत डोके शाबूत असलेला विद्यार्थी त्या जागी हवा. संहितेच्या प्रत्येक छापील पानासमोर एक कोरे पान येईल अशी जाड वही त्याने बांधून घ्यावी. छापील बाजूला शब्दाखाली रेघ आणि कोऱ्या बाजूला त्या शब्दावर काय घडते ते लिहावे: कोण कुठून आले, कुठे बसले, कोणता दिवा, कोणता आवाज. सगळे पेन्सिलीने लिहावे, कारण निम्मे बदलणार असते. प्रत्येक क्यू, म्हणजे दिवा किंवा आवाज बदलण्याची खूण, कशावर आहे हेही स्पष्ट हवे. 'बाबा दार लावतात तेव्हा' आणि 'बाबा दार लावल्यावर' यांत प्रकाशाच्या दृष्टीने दोन वेगळी नाटके असतात.

तालमीच्या खोलीत प्रत्यक्ष रंगमंचाच्या मापाने जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून घ्यावी. त्यासाठी जिथे प्रयोग होणार त्या नाट्यगृहात विद्यार्थ्यांनीच टेप घेऊन जावे आणि दर्शनी रुंदी, खोली, विंगांची जागा, मागच्या पडद्यामागून पलीकडे जाता येते की नाही हे मोजून यावे. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते आणि मग डावीकडून बाहेर गेलेले पात्र उजवीकडून येण्यासाठी प्रयोगाच्या दिवशी इमारतीला वळसा घालत धावते.

नाटकात दार असेल तर बिजागरी असलेली खरी चौकट लवकरात लवकर उभी करावी. दार आत उघडते की बाहेर, बिजागरी प्रेक्षकांच्या बाजूला आहे की मागच्या बाजूला, यावर आत येणारा नट प्रेक्षकांना तोंडाने दिसतो की पाठीने, हे ठरते. बिजागरी प्रेक्षकांच्या बाजूला बसवली आणि दार मंचावर उघडले, तर फळीच नटाला झाकते आणि कितीही उत्तम प्रवेश असला तरी तो वाया जातो. ही गोष्ट तोंडी सांगून कोणाला कळत नाही. दोन्ही प्रकारे चौकट लावून वर्गाला समोर बसवावे, पाच मिनिटांत कळते आणि मग नेपथ्याच्या आराखड्याकडे मुले वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

विजेच्या बाबतीत भावनाप्रधान होऊ नये. जुन्या पद्धतीचा एक पार (PAR) दिवा, म्हणजे डब्यासारखा झोतदिवा, साधारणपणे 1000 वॅटचा असतो. 230 व्होल्टवर तो सुमारे 4.3 अँपिअर घेतो, म्हणजे 15 अँपिअरच्या एका प्लगवर असे तीन दिवे चालतात, चौथा लावायचा नाही. महाविद्यालयाच्या सभागृहात प्रयोग करणार असाल तर तिथले प्लग कोणत्या सर्किटवर आहेत हे महाविद्यालयाच्या वायरमनला सोबत घेऊन विद्यार्थ्यांकडूनच कागदावर काढून घ्यावे. हल्ली एलईडी दिव्यांमुळे भार खूप कमी झाला आहे, तरी भाड्याने मिळणाऱ्या सामानात दोन्ही प्रकार येतात आणि हिशेब यायलाच हवा. शिडीवर कोणी चढले असेल तर खाली एक जण शिडी धरून उभा, हा नियम पहिल्या दिवसापासून मोडू देऊ नये.

रंगीत तालमीच्या आधी एक पूर्ण दिवस केवळ तांत्रिक तालमीला द्यावा. त्या दिवशी अभिनय करायचा नसतो. क्यूच्या आधीची दोन वाक्ये म्हणायची, क्यू घडवायचा, पुढच्या क्यूवर उडी मारायची. नटांना हा दिवस अत्यंत कंटाळवाणा वाटतो आणि तो तसाच असतो. तरीही सगळ्यांना बसवून ठेवावे, कारण आपण एक वाक्य गाळले की डिमरवर, म्हणजे दिवे कमीजास्त करण्याच्या यंत्रावर, बसलेल्या मुलाचे काय होते, हे नटाला त्या दिवशी डोळ्यांनी दिसते. ध्वनिवर्धकाबद्दलही एक विनंती आहे. बहुतेक नाट्यगृहांत आता माइक लटकलेले असतात. पहिली रंगीत तालीम ते बंद ठेवून करावी आणि शिक्षकाने शेवटच्या रांगेत बसावे.

आणखी एक मुद्दा. नाट्यगृह आपल्याला सत्रावर मिळते. सेट लावणे, दिवे टांगणे, रंगभूषा, प्रयोग आणि सेट उतरवणे हे सगळे मोजक्या तासांत बसवायचे असते. म्हणून सेट लावण्याचीसुद्धा घड्याळ लावून तालीम करावी: कोणता फ्लॅट आधी, कोणाच्या हातात हातोडी, टेम्पोत काय शेवटी चढवायचे म्हणजे ते आधी उतरेल. कागदावर नेपथ्याचे उत्तम गुण मिळवलेला सेट वेळेत उभाच राहिला नाही, असे प्रसंग अजिबात दुर्मिळ नाहीत.

विंगेतून

मी याच प्रकारच्या अभ्यासक्रमातून शिकून बाहेर पडले आणि सध्या बालनाट्याचे काम करते. वरील दोन्ही प्रतिसादांशी बव्हंशी सहमत आहे, पण बाहेरच्या दिग्दर्शकाला सरळ नकार देण्याबद्दल थोडा वेगळा विचार मांडावासा वाटतो.

तीन वर्षे एकाच शिक्षकाच्या हाताखाली काम केलेल्या विद्यार्थ्याला त्या शिक्षकाच्या आवडीनिवडी पाठ होतात. तो नाटक शोधत नाही, सरांना काय हवे ते शोधतो. वेगळ्या पद्धतीचा दिग्दर्शक आला की ही सवय मोडते. दोष पाहुण्याचा नसतो, ज्या अटींवर तो येतो त्यांचा असतो. बोलावतानाच लेखी ठरवून घ्यावे, की नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, संगीत यांचे आराखडे विद्यार्थी करतील, बाहेरचा तंत्रज्ञ आला तर शिकवायला येईल आणि स्वतः हात न लावता शेजारी उभा राहील. ज्याला हे मान्य नसेल त्याला व्याख्यानाला बोलवावे. यंदा रंगशिक्षक सर स्वतः बसवणार असतील तर निदान चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखाद्या बाहेरच्या दिग्दर्शकाला दोन दिवस तालीम पाहायला बोलवावे आणि त्याची मते मुलांसमोरच ऐकावीत.

विभागवाटपाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. 'ज्याला जे आवडते ते घ्या' असे सांगितले की मुलींकडे इस्त्री जाते आणि मुलांकडे शिडी. आमच्या वर्गात वेशभूषेच्या खोलीत कायम मुली आणि डिमरवर कायम मुले असत, आणि हे कोणी ठरवलेले नव्हते. मला दिव्यांचे काम अभ्यासक्रम संपल्यावर, पोटासाठी, बाहेर शिकावे लागले. चिठ्ठ्या टाकून विभाग द्यावेत आणि अर्ध्या वाटेवर, म्हणजे आराखडे झाल्यावर पण उभारणी सुरू होण्याआधी, प्रत्येकाला आठवडाभर दुसऱ्या विभागात पाठवावे. थोडा गोंधळ होतो, पण सेटवाल्याला कपड्यांचे रंग कळतात आणि कपडेवालीला कोणत्या दिव्याखाली कोणता रंग मरतो ते कळते.

गुणांविषयीही बोलायला हवे. प्रयोग पाहून गुण दिले की प्रमुख भूमिका करणाऱ्याला आपोआप जास्त मिळतात आणि रंगवस्तू सांभाळणाऱ्याचे काम कोणालाच दिसत नाही, खरे तर ते दिसू नये हीच त्याची गुणवत्ता असते. प्रत्येकाकडून तालमीची वही मागावी, त्यात 'आज खूप मजा आली' छापाचे लिखाण चालणार नाही हे स्पष्ट करावे. काय करून पाहिले, काय टाकले, का टाकले, एवढेच हवे. तोंडी परीक्षेत ज्याच्या त्याच्या विभागाबद्दल न विचारता दुसऱ्याच्या विभागाबद्दल विचारावे. नायकाला विचारा की तिसऱ्या प्रवेशातला कंदील कोण आणून ठेवतो आणि केव्हा. याचे उत्तर देता न येणारा नट अजून एकटाच नाटक करत असतो.

रंगशिक्षक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. 'शारदा' पुन्हा वाचायला घेतले आहे, आणि इंदिराकाकू कोणाला द्यायची यावर मनातल्या मनात वादही सुरू झाला आहे. चिठ्ठ्यांची सूचना तर निश्चित अमलात आणणार.

दोन व्यावहारिक प्रश्न उरतात. काही विद्यार्थी आसपासच्या गावांतून येतात आणि त्यांची शेवटची एसटी संध्याकाळी लवकर असते. विशेषतः मुलींच्या घरून उशिरापर्यंत थांबायला परवानगी नसते, आणि त्यात घरच्यांचे फार चुकते असेही म्हणवत नाही. दुसरे म्हणजे, 'परीक्षेसाठी एक प्रयोग पुरेसा आहे, खर्च कशाला वाढवता' असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. यावर काय उत्तर द्यावे?

पूर्वरंग

तालमीच्या वेळेचे उत्तर वेळापत्रकात आहे. रोज सगळ्यांना बोलावून निम्म्यांना भिंतीला टेकून बसवण्याची आपली जी सवय आहे ती सोडावी. रंगमंच व्यवस्थापकाने दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता लावावा: कोणता प्रवेश, कोण हवे, किती ते किती. बाहेरगावच्या मुलांचे प्रवेश दुपारी घ्यावेत, गावातल्यांचे संध्याकाळी. संपूर्ण समूह लागणारी तालीम रविवारी सकाळी ठेवावी. शेवटच्या दहा दिवसांत सर्वांना थांबावे लागणारच, तेव्हा त्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच पालकांना पत्राने कळवाव्यात आणि मुलींच्या परतण्याची व्यवस्था महाविद्यालयाने करावी. शक्य झाले तर पालकांना एका तालमीला बोलवावे. मुले रात्री नाटकाच्या नावाखाली काय करतात हे एकदा पाहिले की बहुतेकांचा विरोध मावळतो, आणि काही जण तर पुढे सेटसाठी जुने सामान आणून देतात.

एका प्रयोगाबद्दल माझे मत ठाम आहे. पहिला प्रयोग भीतीवर पार पडतो. त्यात नट काय शिकला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. किमान तीन प्रयोग हवेत, आणि त्यांतला एकच नाट्यगृहात झाला तरी चालेल. पहिला महाविद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थी-पालकांसमोर, दुसरा नाट्यगृहात, आणि तिसरा एखाद्या गावातल्या शाळेच्या पटांगणात निम्म्या सेटवर करावा. पर्यायी नटांचा प्रयोग हा तिसरा ठेवावा. व्यवस्थापनाला हे सांगावे, की खर्चाचा मोठा भाग सेट, कपडे आणि तालमींवर आधीच झालेला असतो आणि पुढचे दोन प्रयोग त्याच पैशांत बरेचसे बसतात.

'शारदा' करत असाल तर लेखकाच्या परवानगीचा प्रश्न नाही. दुसरे एखादे नाटक निवडले तर कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52 पाहून घ्यावे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला आणि केवळ शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्तींसमोर झालेला प्रयोग त्यात सवलतीत बसतो. बाहेरच्या प्रेक्षकांना बोलावले, तिकीट लावले, की ती सवलत संपते आणि लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. नाटक जुने असले तरी आपली संपादित संहिता वेगळी असते, त्यामुळे नाट्यगृहातल्या प्रयोगाआधी पुरेसा वेळ हातात ठेवून ती पाठवावी. हा पत्रव्यवहारसुद्धा निर्मिती विभागातल्या दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावा.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रयोगाच्या मध्ये आठ-दहा दिवस असावेत. रंगमंच व्यवस्थापकाने प्रत्येक अंकाची वेळ लिहून ठेवलेली असते, तिच्याकडे पाहावे. दुसऱ्या प्रयोगात पहिला अंक तीन-चार मिनिटांनी वाढला असेल, तर जिथे हशा मिळाला होता तिथे कोणीतरी थांबून वाट पाहू लागले आहे, असे समजावे आणि त्या जागा वहीवरून शोधून काढाव्यात. 'शारदे'त भद्रेश्वर दीक्षिताच्या प्रवेशांत हे हमखास होईल. आणि गुण तिसऱ्या प्रयोगानंतर द्यायचे असतील, तर विद्यापीठाकडे अंतर्गत गुण पाठवण्याची मुदत कोणती आहे हे विभागप्रमुखांकडून आत्ताच विचारून घ्यावे आणि नाट्यगृहाची तारीख त्यानंतरच पक्की करावी.